तिरकिट म्हणजे खिडकी

मास्तर काय म्हणतात ते मला कळतं, असं मी त्यांच्या घरच्यांना सांगितलं. मला कळत नव्हतं.

चूक एवढीच. आयुष्यात याहून मोठ्या चुका केल्यात, पण त्या एकदा करून मोकळा झालो. ही चूक मला पुढचे अठरा दिवस रोज नव्यानं करावी लागली, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त आत्मविश्वासानं.

मास्तर म्हणजे आमचे तबल्याचे मास्तर. ढोकीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. नोकरी साखर कारखान्यात, वजनकाट्यावर. दिवसभर उसाच्या गाड्यांची वजनं घ्यायची आणि संध्याकाळी घरी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून आम्हाला वाजवायला शिकवायचं. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, सतरंजी सुटली नाही. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांत जो कुणी तबल्यावर बसतो तो त्याच खोलीतून निघालेला.

गेल्या गळीत हंगामात एका सकाळी मास्तर दाढी करत होते. हातातलं रेझर पडलं. उचलायला गेले, तर हात जाग्यावरच. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. सोलापूरला बारा दिवस ठेवलं. घरी आणलं तेव्हा पाय थोडाफार हलत होता, हात हलत नव्हता, आणि तोंडात शब्द एक नव्हता. मुलाचं नाव नाही, पाणी नाही, हो नाही, नको नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते खणखणीत म्हणाले, "धा धा तिट."

मुलानं लगेच सोलापूरला डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं. बोलायचे शब्द जातात, पाठ केलेलं मागं राहतं. कुणाचे आकडे राहतात, कुणाची आरती राहते, कुणाच्या नुसत्या शिव्या राहतात. जे येतंय ते म्हणू द्या, त्यांच्याशी बोलत राहा.

मास्तरांचे बोल राहिले होते. तबल्यावर जे वाजतं तेच तोंडानं म्हणायचं, त्याला बोल म्हणतात, धा, धिं, ता, तिट, कत्. आता घरात प्रश्न असा पडला, की म्हाताऱ्याला काय हवंय, काय दुखतंय, हे त्या धाधातिटातून ओळखायचं कुणी? मुलगा कारखान्यात बॉयलरवर पाळीला. त्यानं जन्मात तबल्याला बोट लावलेलं नाही. बापाचा धंदा बापाला, असं त्याचं म्हणणं. मास्तरांचे चांगले विद्यार्थी पुण्याला, लातूरला, एक तर सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात. गावात उरलो मी. मुलगा आणि मी शाळेत एका बाकावरचे. त्यानं मला फोन केला आणि मी गेलो.

माझी लायकी इथंच सांगून टाकतो. मी भूमिअभिलेखमध्ये मोजणीला आहे. लोकांच्या जमिनी मोजतो. मास्तरांना याची भारी गंमत वाटायची. "एकर मोजतो, गुंठा मोजतो, आन सोळा मात्रा मोजता येईनात. लोकांच्या बांधाचं काय होत असंल, द्येव जाणे." त्यांची शिकवायची तऱ्हा अशी, की आधी तोंड, मग हात. पहिले सहा महिने तबल्याला शिवायचंसुद्धा नाही. मांडी घालून बसायचं, हातानं टाळी द्यायची आणि तोंडानं बोल म्हणायचे. जे तोंडात नाही ते हातात येत नाही, असं ते म्हणायचे. मी काय करायचो, तर शाळेतल्या प्रार्थनेसारखे नुसते ओठ हलवायचो. दहा पोरांच्या आवाजात एक चोर खपून जातो. एकदा मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना मध्येच थांबवलं. सगळे थांबले. मी डोळे मिटून पुढं ओठ हलवत राहिलो. डोळे उघडले तर अख्खी खोली माझ्या तोंडाकडं बघत होती.

तर असा हा माणूस मास्तरांचा दुभाषा म्हणून त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसला.

दुपारचे चार वाजले होते. मास्तरांचा ओठ एका बाजूला जरा उतरलेला, पण डोळे तेच. सम चुकवणाऱ्याकडं बघायचे ते डोळे. माझ्याकडं बघून म्हणाले, "धा धा तिट. धा धा तिट."

"काय म्हणतायत आण्णा?" मुलानं विचारलं. दारात वहिनी, म्हणजे मास्तरांची सून, पदर हातात धरून उभी. चौदा दिवस दोघं त्या तोंडाकडं बघत होते. एक शब्द निघावा म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. पण आमच्या खात्यात हे वाक्यच नाही. बांधावर उभं राहिलं, दोन्हीकडचे लोक तोंडाकडं बघायला लागले, की मोजणीवाल्याला काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हणालो, "चहा मागतायत."

चहा आला. वहिनींनी बशीतून पाजला. मास्तर सगळा प्याले.

आता दुपारी चारला कुठला म्हातारा चहाला नको म्हणतो? पण मुलाच्या डोळ्यात पाणी आलं. "कळतं की रं तुला! मी म्हणलं न्हवतं का, ह्याला कळंल!" वहिनी तिथूनच म्हणाल्या, "आता फिकीर न्हाय बगा." आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, मान हलवून गंभीरपणे म्हणालो, "हळूहळू अजून कळेल."

तिथून माझा शब्दकोश सुरू झाला. रोज ऑफिसहून येताना तासभर बसायचं. मास्तर बोलायचे, मी सांगायचो. तिट तिट म्हणजे पाणी. कत् म्हणजे नको. धिं धिं धा म्हणजे बरं वाटतंय. मी नसताना अडचण नको म्हणून मुलानं एका मोठ्या कागदावर स्केचपेननं हे सगळं लिहिलं आणि खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवलं. खाली जागा सोडली, आणखी शब्द येतील म्हणून. कत् तेवढा बरोबर असावा, कारण तो मास्तर प्रत्येक वेळी माझ्याकडं बघूनच म्हणायचे.

एकदा 'तिरकिट' म्हणाले. बघत होते खिडकीच्या बाजूला. खिडकी रस्त्यावर उघडते आणि रस्त्यानं दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात. मला एकदम उजेड पडला. जन्म वजनकाट्यावर गेलेला माणूस, त्याला उसाच्या गाड्याच बघायच्या असणार! मी जाहीर केलं, तिरकिट म्हणजे खिडकी. दोघांनी मिळून मास्तरांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि खिडकी उघडली. मास्तर बघत राहिले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. कागदावर ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली.

तबल्यात तिरकिट म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'म्हणजे'. दर वाक्यात एकदा येतंच. त्यामुळं मास्तर दिवसाचा निम्मा वेळ डाव्या कुशीवर, खिडकीकडं तोंड करून असायचे. स्वतःहून वळायला उजवं अंग साथ देत नव्हतं. थंडीचे दिवस, खिडकी सताड उघडी. अंगावर दोन गोधड्या.

आता मला झोप लागेना म्हणणं खोटं होईल, झोप लागायची. पण फोन वाजला की उचलायच्या आधी मास्तरांच्या घरचा तर नाही ना, ते बघायचो. एकदा जळकोटकडं एका बांधाच्या मोजणीला गेलो होतो. भाऊ-भाऊ, बोलणं बंद, एक बांधाच्या अलीकडं, एक पलीकडं, दोघांच्या हातात काठ्या. मी मशीन लावून मध्ये उभा. फोन आला.

"आरं, आण्णा कडधा म्हणतायत. सारखं कडधा कडधा. कडधा कागदावर न्हाय!" मुलाचा आवाज घाबराघुबरा.

कडधा म्हणजे काय? कडधा म्हणजे कडधा. त्याला अर्थ नसतो, आवाज असतो. हे मला पक्कं माहीत होतं. पण दोन्ही काठ्या माझ्याकडं बघत होत्या.

"पाय चेपा," मी म्हणालो.

"कंचा?"

"दोन्ही चेपा. नीट चेपा."

फोन ठेवला तर थोरला भाऊ बांधावर चढून उभा. "सायेब, आधीच सांगतो. मोजणी कुणीकडनं बी लागू द्या. आमी कुणाचं पाय चेपणार न्हाय."

पलीकडून धाकटा म्हणाला, "आमी तर आजाबात न्हाय." दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं म्हणे.

हसू आलं खरं, पण परत येताना मोटारसायकलवर सगळा रस्ता एकच विचार. आज पाय चेपा म्हणालो. उद्या मास्तरांच्या छातीत कळ आली आणि ते 'धिरधिर' म्हणाले, तर मी काय सांगणार? पंखा लावा? घरी येऊन जुनी वही काढली. मोबाईलवर तबल्याचे व्हिडिओ बघितले. कुणीही कुठंही सांगत नव्हतं की धिरधिर म्हणजे छातीत दुखतंय. बायको म्हणाली, खरं सांगून टाका. मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा मुलगा पाळीला गेला होता. दुसऱ्यांदा फाटकातच वहिनी भेटल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी हाय म्हनून धीर हाय आमाला. न्हाय तर मामांच्या मनातलं कुणाला कळलं असतं?" मग चहा आला आणि खरं बोलणं चहाबरोबर गिळलं.

मास्तरांनी मात्र मला ओळखलेलं होतं. ते भिंतीवरच्या कागदाकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे. एकदा डाव्या हातातला चमचा त्यांनी नेम धरून त्या कागदावर फेकला. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "व्यायाम करतायत."

पंधराव्या दिवशी त्यांचा बोल बदलला.

इथं थोडं सांगावं लागेल. तबला म्हणजे दोन भांडी. उजव्या हाताला तबला, त्याचा आवाज टणक. डाव्या हाताला डग्गा, त्याचा आवाज घुमतो. 'धा' म्हटलं की दोन्ही हात एकदम. 'ता' म्हटलं की नुसता उजवा, डग्गा गप्प. मास्तरांचा आवडता कायदा, म्हणजे घोकून पक्की करायची ठरलेली ओळ, असा आहे: धा धा तिट धा धा तिं ना, ता ता तिट धा धा धिं ना. दुसऱ्या निम्म्याच्या सुरुवातीला डग्गा थोडा वेळ बंद होतो, त्याला खाली म्हणतात. उजवा हात गेला तरी मास्तर हे सगळं भरलेलं म्हणायचे. हात खाटेवर पडलेला, पण तोंडातले दोन्ही हात शाबूत होते.

त्या दिवशी मी गेलो तर ते म्हणत होते, "ता ता तिट, ता ता तिं ना. ता ता तिट, ता ता तिं ना."

आणि हे मला कळलं! पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला खरोखर काहीतरी कळलं. मी खुर्चीतून उठलोच. "खाली म्हणतायत! रियाझ चाललाय त्यांचा!" मुलगा पाळीहून आलेला, चेहरा काजळलेला, तोही हसला. म्हणाला, "म्हंजे सुधारतायत." मी म्हणालो, अर्थातच.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. जेवण मात्र कमी झालं होतं. डाव्या हातानं चमचा धरून दोन घास स्वतः खायचे, ते बंद केलं. वहिनी भरवायला गेल्या तर तोंड फिरवायचे. मी कागदाकडं बोट करून म्हणालो, भूक नसेल.

चौथ्या दिवशी मुलानं विचारलं, "सोमवारी सोलापूरला दाखवायचंच हाय. का आजच न्यावं? जेवंनात, मला जरा बरं वाटंना."

मी म्हणालो, "सोमवारीच न्या. मनःस्थिती चांगली आहे त्यांची."

हे वाक्य मी म्हणालो. मास्तर समोर पडून होते, मान वळवून माझ्याकडं बघत होते, "ता ता तिट" म्हणत होते, आणि मी असं म्हणालो.

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. भाकरी करत होत्या, हात पिठाचे कोपरापर्यंत.

"भावजी, मामांचा डग्गा कुटं गेला?"

"अं?"

"डग्गा. चार दिस झालं, डग्गा न्हाय. मी चुलीम्होरं बसून ऐकतीया. नुसतं ता ता चाललंय."

वीस वर्षं त्या भिंतीच्या पलीकडं भाकऱ्या थापतायत. मास्तरांचा डग्गा वाजला की मांडणीवरची ताटं थरथरायची, त्यावरून त्यांना कळायचं म्हणे की आता चहा टाकायचा, शिकवणी संपत आली. तोंडानं म्हटलेला डग्गासुद्धा त्यांना भिंतीतून ऐकू यायचा. शिकवलं कुणी नव्हतं.

मी हसलो. शिक्षकासारखं म्हणालो, "वहिनी, त्याला खाली म्हणतात."

"आसंल. पर खाली गेलेलं वर कवा येनार?"

खालीनंतर धा यायलाच हवा. ता ता तिट, मग धा धा धिं ना. ते पहिल्या महिन्यात शिकवतात. चार दिवस तो धा आला नव्हता आणि मी खुर्चीत बसून रियाझ रियाझ म्हणत होतो.

वहिनींनी पिठाच्या हातानंच गोधडी बाजूला केली. मास्तर डाव्या कुशीवर, खिडकीकडं तोंड करून. डावा हात अंगाखाली. वहिनींनी तो ओढून काढला. दंडावर उशीच्या शिवणीचा वळ उठलेला. मनगट लोंबत होतं. वहिनींनी हात उचलून धरला आणि सोडला, तो पडला. बोटं उचलायला सांगितली. मास्तरांनी कपाळाला आठ्या घालून प्रयत्न केला. बोटं उचलली गेली नाहीत. त्यांनी सुनेकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "ता."

चांगला हात होता तो. एकच होता.

दुसरा झटका, हे कुणी म्हणालं नाही. मुलगा शेजारच्याची जीप आणायला पळाला. वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, लगेच निघा, त्यांना झोपू देऊ नका, बोलतं ठेवा, गुंगी येते का बघा.

मुलगा चालवायला. मागच्या सीटवर मास्तर, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, पाय वहिनींच्या. पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, एकाला मागं टाकलं की पुढं दुसरा. हॉर्न वाजवून वाजवून मुलाचा अंगठा पांढरा पडला. मी मास्तरांचं तोंड बघत होतो. धाराशिव ओलांडेपर्यंत ते अधूनमधून "ता ता" म्हणायचे. मग तेही बंद झालं. पापण्या जड व्हायला लागल्या.

"भावजी, बोला त्यांच्यासंगं!"

काय बोलू? मास्तर, मास्तर, म्हणालो. हलवलं. पापणी अर्धी उघडून परत मिटली. मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी त्यांचाच कायदा म्हणायला सुरुवात केली. मांडीवर त्यांचं डोकं, एका हातानं त्यांचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातानं सीटवर टाळी.

"धा धा तिट धा धा तिं ना, ता ता तिट ता धा... धा तिट..."

चुकलो. नेहमीच्या जागीच चुकलो.

मास्तरांचे डोळे सताड उघडले. "कत्!"

"जागं झालं!" वहिनी ओरडल्या. "म्हना, म्हना!"

परत म्हटलं. या वेळी पहिल्या निम्म्यातच घसरलो. "कत्! कत्!" मास्तरांच्या मानेची शीर ताठली. मी पुन्हा सुरू केलं. जीप एका ट्रॉलीला घासून पुढं निघतेय. चुका मला कधी कमी पडल्या नाहीत, त्या दिवशी तर त्या आपोआप सुचत होत्या. मास्तर दर वेळी चिडायचे आणि दर वेळी डोळे उघडे राहायचे. तुळजापूरला सोलापूरकडून आलेल्या गाड्यांची रांग लागलेली. तिथं वीस मिनिटं जीप इंच-इंच सरकली आणि मी चुकत राहिलो. पुढं घाटात एकदा कसं कोण जाणे, पूर्ण कायदा बरोबर आला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक मात्रा इकडं नाही की तिकडं नाही. मी खुश होऊन खाली बघितलं, तर मास्तरांचे डोळे मिटायला लागलेले.

"आवो काय क्येलं तुमी!" वहिनी किंचाळल्या.

मी घाबरून पुढची ओळ अशी काही म्हटली, की ती कुठल्याच तालात बसली नसती. मास्तरांनी डोळे उघडले ते सोलापूरपर्यंत मिटले नाहीत.

दवाखान्यात आत नेलं, फोटो काढले, दीड तास गेला. आम्ही तिघं बाकावर. मग डॉक्टर बाहेर आले.

"झटका नाही," ते म्हणाले. "दंडातली शीर दबलीय. फार वेळ त्या हातावर झोपले की असं होतं. गुंगी न जेवल्यानं आलेली. हाताला पट्टी लावू, व्यायाम सांगू. तीन-चार आठवड्यांत येईल बहुतेक. अजून आठ दिवस असंच चाललं असतं तर अवघड होतं." मग विचारलं, "डाव्या कुशीवर इतका वेळ का ठेवत होता?"

"तिरकिट म्हणायचे म्हणून," मुलगा म्हणाला.

"काय म्हणायचे?"

मुलानं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. वहिनींनी बघितलं नाही.

वहिनींनी डॉक्टरांना डग्ग्याचं सांगितलं, की चार दिवस आधीच मामा सांगत होते, त्यांच्या तऱ्हेनं. डॉक्टर समजुतीनं हसले. "योगायोग असेल." वहिनींनी त्यांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

डॉक्टर गेले. 'बहुतेक' तेवढं मागं ठेवून गेले. मी बाकावरून उठलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून काहीच कळत नव्हतं. तिट तिट मी मनानं ठरवलं. धिं धिं धा मनानं. खिडकी मनानं. हात माझ्यामुळं गेला.

मुलगा म्हणाला, "आन त्ये पाय चेपायचं?"

"तेही मीच."

"दीड घंटा चेपलं रं. पाळीहून येऊन." त्याचा आवाज हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आन च्या?" वहिनींनी विचारलं.

"चहासुद्धा."

आत मास्तर कुणावर तरी चिडले होते. पट्टी बांधणाऱ्यावर असावं. "कत्" स्पष्ट ऐकू आलं. धा मात्र नव्हता. आम्ही तिघंही कान देऊन होतो, नव्हता.

मी म्हणालो, "वहिनी, मी आता तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही. कुठल्या तोंडानं येऊ?"

वहिनींनी हाताला चिकटून वाळलेलं पीठ नखानं खरवडलं. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"यायचं न्हाय म्हंजे? रोज यायचं. पर मामा काय म्हनत्यात त्ये सांगायचं न्हाय. नुसतं बसायचं आन चुकायचं. तेवढं तर येतंय न्हवं तुमाला?"